टेलच्या गावाचे पत्र

(दृश्य: कोरडी चारी. तळाला वाढलेली वेडी बाभूळ.)

पैठणच्या नाथसागरातून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटर लांबीचा आहे. परभणी जिल्ह्यातील हे गाव त्याच्या एका चारीच्या, म्हणजे शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या फाट्याच्या, अगदी शेवटी असल्यामुळे त्याला ‘टेलचे गाव’ म्हणतात. पाणीपाळी, म्हणजे कालव्यातून ठराविक काळाने सोडलेले पाणी, सुटली की वरची राने भिजेपर्यंत इथला शेतकरी खांद्यावर फावडे घेऊन बांधावर थांबतो, आणि पुष्कळदा त्याचा नंबर येण्याआधीच पाळी बंद होते.

(दृश्य: पत्र्याची पेटी. जुने कागद.)

पाण्यासाठी गावाने दिलेली निवेदने एका शेतकऱ्याने या पेटीत जपून ठेवली आहेत. बहुतेकांचा मजकूर सारखाच आहे: ‘सविनय निवेदन करण्यात येते की, आमच्या गावावर सातत्याने अन्याय होत असून’ अशी सुरुवात, आणि शेवटी तीव्र आंदोलनाचा इशारा. प्रत्येकासोबत एक छायाचित्र आहे, ज्यात दहाबारा जण एकाच कागदाला हात लावून उभे आहेत. गाऱ्हाणे खरे आहे, यात शंका नाही. परंतु चारी कोणती, क्षेत्र किती, पाणी कुठे अडले आणि आमदारांनी नेमके काय करावे, यांपैकी एकही गोष्ट त्या कागदांत नसल्यामुळे ते छायाचित्रापलीकडे गेले नाहीत, असेच म्हणावे लागते.

एक कागद मात्र वेगळा आहे. रेघांच्या फुलस्केपवर निळ्या शाईने, एकाच बाजूला लिहिलेले हे पत्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातले आहे. त्यात चारीचा क्रमांक आहे, तिच्याखालचे क्षेत्र आहे, मागच्या रब्बीत कितव्या पाळीला पाणी पोहोचले याचा हिशेब आहे, चारीवरच्या पाणी सोडण्याच्या मोडलेल्या दोन दारांची जागा आहे, आणि मागणी एकच आहे: या चारीला टेल टू हेड पद्धतीने, म्हणजे शेवटापासून वर, पाणी देण्याचा विषय आमदारांनी कालव्याच्या पाण्याचे नियोजन ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीत मांडावा.

या पत्राच्या तारखेला मजकुराइतकेच महत्त्व आहे. धरणांतील 15 ऑक्टोबरचा साठा धरून रब्बी आणि उन्हाळी हंगामाच्या पाण्याचे नियोजन होते, आणि त्यानंतर मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला लाभक्षेत्रातील आमदार बसतात. बैठकीपूर्वी हाती पडलेले पत्र त्यांना तिथे बोलायला मुद्दा देते. बैठकीनंतर पोहोचलेल्या पत्राला पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागते.

धरणातच पाणी नसेल, तर प्रश्न चारीचा राहत नाही. 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व स्वीकारले, आणि जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची मागणी होते. हा वाद एका गावाच्या पत्राने सुटणारा नाही. तिथे मराठवाड्याच्या 46 विधानसभा मतदारसंघांतील आमदारांनी तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना यांचा आधार घेऊन सभागृहात विषय लावून धरावा लागतो, कारण तिथे मंत्र्यांनी दिलेले उत्तर कामकाजात नोंदले जाते आणि पुढे त्याचा जाब विचारता येतो.

(दृश्य: रेल्वे फाटक. नांदेडकडे जाणारी गाडी.)

कोणाला लिहावे, याचा घोळ या पेटीतही दिसतो. गाडीच्या थांब्याची मागणी आमदारांकडे गेलेली आहे. वास्तविक हा भाग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतो, या रेल्वेचे मुख्यालय सिकंदराबादला आहे, आणि हा विषय लोकसभेत नियम 377 खाली मांडण्याचा अधिकार खासदारांचा आहे. शाळेच्या गळक्या छतासाठी जिल्हा परिषद सदस्याला लिहिणे योग्य होते. पण 2022 मध्ये मराठवाड्यातील जिल्हा परिषदांची मुदत संपल्यानंतर कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिला, तेव्हा ज्याला मत दिले असा माणूसच त्या पत्त्यावर नव्हता.

(दृश्य: पत्राच्या प्रतीवरील गोल शिक्का.)

फुलस्केपच्या दुसऱ्या प्रतीवर आमदारांच्या कार्यालयाची पोच आहे: गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख. काही आठवड्यांनी कार्यकारी अभियंत्यांना उद्देशून आमदारांचे पत्र निघाले आणि त्याची प्रत माहितीस्तव या शेतकऱ्याला मिळाली. ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी’, एवढेच त्यात होते. अशा वाक्याचा अनुभव सर्वांनाच आहे. तरीही एक दार दुरुस्त झाले आणि त्या रब्बीत एका पाळीचे पाणी टेलपर्यंत आले. दुसरे दार अजून मोडकेच आहे.

(दृश्य: ओसरी. कंदिलाच्या जागी आता एलईडी दिवा. लिहिणारा हात.)

यंदाचे पत्र लिहायला बसताना पेटी जपणाऱ्या शेतकऱ्याने ‘विषय’ या शब्दाखाली दुसऱ्या दाराची जागा लिहिली आहे, आणि ‘संदर्भ’ या शब्दापुढे चष्मा सावरत, पेटीतल्या प्रतीवरचा आवक क्रमांक तो एकेक आकडा पाहून उतरवत आहे.