वरुणतीर्थावर क्रिकेट

(दृश्य : पहाट. कोल्हापूर, कपिलतीर्थ मार्केट.)

मेथीच्या जुड्या लागल्यात. मावशी एका हातानं पाण्याचा शिपका मारतात, दुसऱ्या हातानं पैशांची मोड शोधतात. त्या बसल्यात तिथं एकेकाळी तळं होतं. कपिलतीर्थ. नाव तीर्थाचंच राहिलंय, पाणी तेवढं गेलं.

इथून चालत शिवाजी पेठेत या. गांधी मैदान. हे वरुणतीर्थ. पोरं खेळताहेत तो भाग नीट बघा, रस्त्यापेक्षा खोल आहे. पेटाळ्याचं मैदान? तळंच. आणि ज्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांची फुटबॉलची ईर्ष्या रंगते, तो रावणेश्वर तलाव. देऊळ अजून शेजारी उभं आहे. गोल झाला की घंटेपेक्षा हलगीच जास्त ऐकू येते, एवढंच.

(दृश्य : कोटीतीर्थ, मग रंकाळ्याचा कठडा.)

राहिली ती ही. कोटीतीर्थ, रंकाळा, कळंबा.

जुन्या कोल्हापुराची आखणी कुणी कागदावर केली नसेल, पण उतार सगळ्यांना ठाऊक होता. पेठेतलं पावसाचं पाणी तळ्यात जायचं, तळ्यातलं मुरत आडा-विहिरींना लागायचं, उरलेलं ओढ्यानं पंचगंगेला. कळंबा आजही भरला की सांडव्यावरून जयंतीत उतरतो. जयंती ही नदी. आपण तिला नाला म्हणायला लागलो आणि मग नाल्यासारखंच वागवलं.

(दृश्य : जयंती, पुलावरून. दोन्ही काठांच्या भिंती.)

१९७२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. हद्द मात्र वाढली नाही. शेजारच्या गावांना घरफाळ्याची आणि जमिनी जाण्याची भीती वाटते. ती अगदीच खोटी नाही. पण माणसं वाढली, ती आत कुठं मावणार? शहर वर गेलं, आणि खाली, नदीकडं सरकलं. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन रेघा आहेत. निळी, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेघ नकाशावर असते. जागेवर असतो तो मुरूम, डंपरनं आणून टाकलेला.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाकडं बोट दाखवून आपण मोकळे होतो.

(दृश्य : शाहूपुरी, कुंभार गल्ली. माचावर गणपती.)

कुंभार गल्लीत आता मूर्ती जमिनीवर ठेवत नाहीत. फळ्यांचे माच बांधलेत, तेही पुरुषभर उंच. एक काका भिंतीवर हात टेकवून दाखवतात : इथवर. मग खाली वाकून उंदराच्या शेपटीला सफेदा लावायला लागतात.

(दृश्य : गांधी मैदान. वळवाचा पाऊस.)

अर्धा तास पडला. चारी बाजूंच्या गल्ल्यांतून पाणी आलं, बरोबर मधोमध थांबलं. पोरांनी स्टंप उपटले, बॅटी काखेत मारल्या आणि कठड्यावर येऊन बसली. चेंडू तरंगतोय. कुणी आणायला जात नाही.