माग काढताना

मंडळी, ही वही मागच्या रांगेतून दिसणार नाही, तरी मुद्दाम आणली आहे. १९८१ साली व्हीजेटीआयमधून बी. टेक्स्ट. होऊन आम्ही बाहेर पडलो, तेव्हा वर्गातल्या प्रत्येकाचा पत्ता मी यात लिहून घेतला. सगळे पत्ते पेनानं. पत्ता बदलेल असं तेव्हा डोक्यातच आलं नाही. पहिल्या पानावरचे पिनकोड वाचतो: ४०००१२, ४०००१३, पुन्हा ४०००१२. म्हणजे परळ, डिलाईल रोड, पुन्हा परळ. मुंबईत गिरण्या होत्या साठाच्या आसपास. टेक्स्टाइल शिकलेला मुलगा आज ना उद्या स्पिनिंग मास्टर किंवा वीव्हिंग मास्टर होणार, हे आख्ख्या चाळीला ठाऊक असायचं. आमच्यातल्या दोघांचे वडील साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम खात्यात होते. ज्या खात्यात आपण उभं राहून आयुष्य काढलं, तिथे पोरगा साहेब म्हणून जाणार, याचं त्यांना कोण अप्रूप!

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर. आम्हाला नोकरीला लागून सहा-सात महिने झाले होते. संपाचं बरं-वाईट सांगायला मी आलेलो नाही. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, एवढं फक्त लक्षात ठेवा. मी वहीपुरतं बोलतो. वहीतली खाडाखोड १९८३ पासून सुरू होते.

परळ खोडून सुरत. लालबाग खोडून भिलवाडा. एक जण कोइमतूरला गेला. एक थेट इंडोनेशियात, पुरवाकार्ता नावाच्या गावी. ते स्पेलिंग मी त्याच्या भावाकडून तीनदा विचारून घेतलं. एकानं सुताचा नाद सोडून बँकेची परीक्षा दिली, आणि त्याला नावं ठेवणारे आम्ही पुढे त्याच्याच पेन्शनचा हेवा करत बसलो. वर्गमित्रांचा माग काढायला निघालो आणि कळलं, की आपण मागांचाच माग काढतोय. जिथे माग गेले, तिथे पोरं गेली. तिसऱ्या खाडाखोडीनंतर मी पत्ते पेन्सिलीनं लिहायला लागलो.

मग मुंबईच्या फोन नंबरांच्या सुरुवातीला २ चा आकडा लागला आणि वहीतले उरलेसुरले नंबरही बाद झाले. २००४ मध्ये ऑर्कुट आलं. तिथे निरोपाला ‘स्क्रॅप’ म्हणत. ज्यांच्या डोळ्यांदेखत सूत कातायच्या रिंग फ्रेम भंगारात गेल्या, त्यांना हा शब्द जरा जास्तच लागला. ते ऑर्कुटही ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, पण निदान आधी तारीख सांगून. गिरण्यांनी तेवढंही केलं नव्हतं.

आता व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. सकाळी फुलं, दुपारी राजकारण, संध्याकाळी नातवंडं. बातमी म्हणाल तर दोनच प्रकारची: अभिनंदन आणि श्रद्धांजली. या दोहोंच्या मधे माणसाचं जे काय चाललेलं असतं, ते तिथे येत नाही.

यात माझाही हात आहे. चाळीस वर्षांच्या मेळाव्यासाठी सगळ्यांची माहिती गोळा करायचा फॉर्म मीच केला. रकाने मीच पाडले: नाव, सध्याचं पद, कंपनी, निवृत्त असल्यास शेवटचं पद. मुलं काय करतात, हाही एक रकाना. फॉर्म भराभर भरून आले. आणि इचलकरंजीचा आमचा एक मित्र त्याच आठवड्यात न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला. चुकून झालं असेल, म्हणून मी पुन्हा घेतला. तो पुन्हा बाहेर पडला.

शेवटी कोल्हापूरला एका लग्नाला गेलो, तसा पुढे त्याच्याकडे गेलो. त्याचे चोवीस साधे यंत्रमाग होते. व्यापाऱ्यानं सूत द्यायचं, यानं कापड विणून द्यायचं, मजुरी ‘पिका’वर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबानं. वीजबिल आणि मजुरी यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यानं माग वजनावर विकले. शेड दाखवायला घेऊन गेला. फरशीवर, जिथे जिथे मागाचे पाय होते, तिथे तेलाचे काळे डाग. त्यानं एका डागावर उभं राहून सांगितलं, हा सगळ्यात द्वाड होता, आडव्या धाग्याचा धोटा सारखा बाहेर फेकायचा.

मी त्याला फॉर्मबद्दल विचारलं नाही. त्यानंच चहा पिताना विषय काढला. म्हणाला, “तुझ्या रकान्यात मी लिहिणार काय? भंगार विकून मोकळा झालो, हे पदात बसतं की कंपनीत?”

आणि मग त्यानं मलाच एकेकाबद्दल सांगायला सुरुवात केली. पुरवाकार्तावाल्याच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बँकवाल्याचा मुलगा लोअर परळला काचेच्या ऑफिसात आहे, आणि ते ऑफिस उभं आहे ते त्याच्या आजोबांच्या गिरणीच्या जागेवर. ग्रुपवर यातलं एक अक्षर नव्हतं. हा गडी दर रविवारी एकाला फोन करायचा. कंपनी विचारायचा नाही, म्हणून लोक त्याच्याशी बोलायचे.

“मग मला का नाही केलास?” मी म्हटलं.

“केला होता. तू म्हणालास, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.”

निघताना मी वही पुढे केली, म्हटलं, नवा पत्ता तूच लिही. शेडही तो विकायला काढणार होता. मी खिशातलं पेन दिलं. त्यानं ते हातात धरलं, वहीची पहिली पानं चाळली, आणि विचारलं, “पेन्सिल नाही का रे?”