फोनवरचा आवाज
(परदेशातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संपादित)

मंडळी, नमस्कार.

माझी मुलगी मला चिडवते, "बाबा, आत्ता कुणाशी बोलत होतास? तुझा फोनवरचा आवाज लागला होता." खरंय. ऑफिसचा फोन घेतला की माझा 'र' घोळायला लागतो आणि आडनाव अर्ध्यावर तुटतं. असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षभरात अंगवळणी पडलं. माना डोलताहेत, म्हणजे मी एकटा नाही!

पण या घोळवण्याचा उपयोग किती? अमेरिकेत डोनाल्ड रुबिन या संशोधकांनी १९९२मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका इंग्रजीभाषक बाईंचं ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. काहींसमोर फोटो गोऱ्या बाईंचा, काहींसमोर चिनी बाईंचा. आवाज तोच. तरी चिनी चेहरा पाहणाऱ्यांना त्यात परका हेल ऐकू आला, व्याख्यानही कमी समजलं.

मला जास्त बोचतो तो १९७४ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्याच प्रिन्स्टन विद्यापीठातला प्रयोग. गोऱ्या विद्यार्थ्यांनी मुलाखती घ्यायच्या. उमेदवार काही काळे, काही गोरे, पण सगळे सारखंच वागायला पढवलेले. समोर काळा उमेदवार असला की घेणारा लांब बसे, बोलताना जास्त चुके, मुलाखत लवकर आटपे. पुढच्या टप्प्यात पढवलेल्या मुलाखतकारांनी हीच वागणूक गोऱ्या उमेदवारांना दिली. तर तेही गडबडले, आणि परीक्षकांना कमी लायक वाटले. अशा माणसावर शेरा काय बसतो, ठाऊक आहे ना? 'आत्मविश्वास कमी.' समोरच्यानं तो घालवला, हे कागदावर कुठेच येत नाही.

आता मी टेबलाच्या पलीकडे बसतो. मध्यंतरी एका काळ्या तरुणाची मुलाखत घेतली आणि सहकाऱ्याला म्हणालो, "जरा बुजरा वाटला." नंतर सहज वेळा पाहिल्या. आधीच्या गोऱ्या मुलाला मी ४५ मिनिटं दिली होती, याला २५. घाई तर काहीच नव्हती. शेरा खोडला, त्याला पुन्हा बोलावलं.

या खेपेला तो सफाईनं बोलला, प्रत्येक शब्द घासूनपुसून. तो आवाज मी लगेच ओळखला.