आधी होती तशी, मग हवी तशी

मंडळी, २०१२ साली टोयोटाने 'जीटी ८६' नावाची एक छोटी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. पुढे दोन लीटरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, हॉर्सपॉवर २०० च्या आसपास. इथपर्यंत सगळं सरळ. गंमत होती टायरमध्ये. २१५ मिलिमीटर रुंदीचे मिशेलिन प्रायमसी, म्हणजे प्रियससारख्या पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीला शोभतील असे टायर. पुष्कळांनी नाकं मुरडली. स्पोर्ट्स कारला हे टायर? काय हा कंजूषपणा! पण तो कंजूषपणा नव्हता. गाडीची पकड मुद्दामच बेताची ठेवली होती. पकड बेताची असली की गाडीची मर्यादा कमी वेगातच हाताला लागते. मागचं चाक निसटायला लागलं की कसं वाटतं, हे कळायला मग जिवावर उदार व्हावं लागत नाही.

मालकांनी काय केलं? अनेकांनी सगळ्यात आधी रुंद, चिकट टायर टाकले. गाडी रस्त्याला चिकटून बसली, आणि तीच गाडी आता मालकाला मरतुकडी वाटायला लागली. म्हणून टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप. टर्बो आला की क्लच सरकतो, म्हणून क्लच. तेवढ्यात गिअरबॉक्स कुरकुरायला लागलेला असतो.

ज्याची गाडी त्याची मर्जी, मी कोणाला नावं ठेवायला आलेलो नाही. पण कारखान्यातून आलेली गाडी म्हणजे अर्धवट सोडलेलं काम नव्हे. स्प्रिंग किती कडक, टायर किती रुंद, ब्रेक केवढा, गिअरचं प्रमाण काय, हे सगळं एकमेकांशी भांडत भांडत ठरलेलं असतं. त्यातलं एक हलवलं की बाकीची जागा सोडतात. काय हलवतो आहोत हे कळायचं, तर गाडी मुळात कशी होती हे आधी अनुभवलेलं पाहिजे. आणि आपल्यातले बहुतेक जण जुनी गाडी घेतात. ती मुळात होती तशी राहिलेलीच नसते.

उदाहरण म्हणून बुश घ्या. सस्पेन्शनच्या प्रत्येक दांड्याच्या टोकाला रबराचा बुश असतो. तो धक्के गिळतो आणि चाकाला ठरलेल्या कोनात धरून ठेवतो. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. पंधरा-वीस वर्षांत ते कडक होतं, भेगाळतं, धातूपासून सुटतं. मग ब्रेक दाबला की चाक किंचित मागे सरकतं, वळणात त्याचा कोन बदलतो, आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करून वळते. मालक म्हणतो, सस्पेन्शन ढिलं झालंय, आणि महागडे अ‍ॅडजस्टेबल शॉकअप घेऊन येतो. नवे कडक शॉकअप, जुने फाटके बुश. आता गाडी दणके देते आणि शिवाय भरकटते. त्याच पैशात सगळे बुश, बॉल जॉइंट, मूळ मापाचे नवे शॉकअप आणि नीट अलाइनमेंट झालं असतं, आणि त्याला 'माझी गाडी अशी होती?' असा धक्का बसला असता.

माझा आग्रह असा की जुनी गाडी घेतल्यावर पहिलं वर्ष फक्त तिला मूळपदावर आणण्यात घालवा. इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइल, डिफरन्शिअलचं ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, प्लग, बेल्ट, होज, सगळं नवं. आधीच्या मालकाने 'आत्ताच बदललंय' म्हटलं तरी. पावती असेल तर गोष्ट वेगळी.

घेतानाच त्या मॉडेलची दुखणी माहीत हवीत, कारण दुखणं नाही अशी गाडी नाही. पॉर्श ९११ ची ९९६ पिढी आणि तिच्याच काळातली बॉक्स्टर घेणारा माणूस आयएमएस बेअरिंगबद्दल विचारणारच. इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं ते बेअरिंग गेलं तर अख्खं इंजिन जाऊ शकतं. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ ला मागचं सस्पेन्शन धरणारी सबफ्रेम जिथे बॉडीला जोडलेली असते तिथला पत्रा तडकतो, आणि इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवरही लक्ष ठेवावं लागतं. माझदा आरएक्स-८ चं रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं, ऑइल पितं, आणि तो बिघाड नाही. रोटरच्या टोकाच्या पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून ऑइल मुद्दामच आत सोडलेलं असतं. ज्याला पेट्रोल भरताना डिपस्टिक ओढून बघायची सवय नाही, त्याने ती गाडी घेऊ नये. होंडा एस२००० ची सुरुवातीची दोन लीटरची इंजिनं ९,००० आरपीएमपर्यंत फिरतात. तिथपर्यंत न्यायचं तर व्हॉल्व्हची क्लिअरन्स, म्हणजे फट, तपासून घेणं आलंच.

यांच्या शेजारी माझदा एमएक्स-५ ठेवा. १९८९ च्या शिकागो ऑटो शोमध्ये आली तेव्हा इंजिन १.६ लीटरचं, हॉर्सपॉवर साधारण ११५, वजन हजार किलोच्याही आत. २०१६ पर्यंत दहा लाख गाड्या बनल्या. हातात पाना धरायला शिकायचं असेल तर माझं मत या गाडीला. बॉनेट उघडल्यावर हात आत जातो! हल्लीच्या गाड्यांत बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण दिसतं, त्यावर कंपनीचं नाव, आणि विषय संपला.

आता ब्रेक ऑइल. याच्याइतकी स्वस्त आणि याच्याइतकी दुर्लक्षित गोष्ट गाडीत दुसरी नाही. ते हवेतली ओल शोषून घेतं; डबा बंद असला तरी होजच्या रबरातून, सीलमधून ओल हळूहळू आत जाते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तोच किमान १५५ वर येतो. एरवी हे जाणवणारही नाही. पण घाट उतरताना किंवा ट्रॅकवर हिशोब बदलतो, कारण ब्रेकला गिळावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १०० ऐवजी १६० वरून थांबायचं तर उष्णता दीडपट नाही, अडीच पटीहून जास्त तयार होते. कॅलिपरमधलं, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागातलं, ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. सहा पिस्टनचे लाल रंगवलेले कॅलिपर बसवून आत चार वर्षांचं जुनं ऑइल असेल, तर त्या रंगाचा उपयोग फोटोपुरता. रस्त्यावरच्या गाडीत दोन वर्षांनी, ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत त्याहून बरंच लवकर बदला. आणि डॉट ५ व डॉट ५.१ यांत गल्लत नको. ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही, ५.१ चालतं.

पॅडचंही तसंच. ट्रॅकचे पॅड तापल्यावर चावतात. थंड असताना, म्हणजे घरून निघून पहिल्या सिग्नलला, ते साध्या पॅडपेक्षा वाईट असू शकतात, वर किंचाळतात.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असलेला दहा वर्षांचा टायर नवा नसतो, तो फक्त न झिजलेला असतो. स्पोर्ट्स कार फार चालत नाहीत, म्हणून हा घोळ यांच्यातच जास्त सापडतो. न चालवणं हीही गाडीची हेळसांडच. बॅटरी उतरते, टायरला सपाट डाग पडतात, पेट्रोल शिळं होतं. त्याहून वाईट म्हणजे दर रविवारी पाच मिनिटं जागेवर इंजिन चालू करून बंद करणं. ऑइल पुरतं तापत नाही, आत जमलेली ओल आणि कच्चं पेट्रोल उडून जात नाही, तिथेच राहतं. चालवायची तर नीट अर्धा-पाऊण तास चालवा, नाहीतर चार्जर लावून झाकून ठेवा. आणि काटा मधे आला म्हणजे इंजिन तापलं असं समजू नका. तो काटा पाण्याचा. ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो, आणि बेअरिंगना वंगण ऑइलचं मिळतं, पाण्याचं नाही.

बरं, गाडी मूळपदावर आली. आता हवी तशी करू. सगळ्यांना सगळ्यात आधी ती खाली बसवायची असते. दिसायला छानच दिसते, मलाही आवडते. पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे वर शॉकअप आणि खाली एकच आर्म अशी रचना, असलेल्या गाडीत काय होतं बघा. खालची आर्म मूळ उंचीला साधारण आडवी असते किंवा चाकाकडे किंचित उतरती. गाडी खाली आणली की ती चाकाकडे चढती होते. गाडी वळणात ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर त्यामुळे झपाट्याने खाली जातो, गुरुत्वमध्य उतरतो त्यापेक्षाही जास्त. दोन्हींतलं अंतर वाढलं म्हणजे तरफ लांबली. उतरवली पकड वाढावी म्हणून, आणि तिला कलण्याची ओढ वाढली! मग तो कल दाबायला आणखी कडक स्प्रिंग. शिवाय शॉकअपला खाली जायला जागा उरत नाही. भर वळणात एक खड्डा आला की तो बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आपटतो, त्या क्षणी स्प्रिंग जणू दगडाची होते आणि टायर रस्ता सोडतो. दोन-अडीच सेंटिमीटर उतरवणं वेगळं आणि चाकाच्या कमानीत बोट जाऊ नये एवढं उतरवणं वेगळं. दुसरं करायचंच असेल तर बॉल जॉइंटची जागा बदलणारे भागही घ्या.

इंजिनात हवा घेणाऱ्या इनटेकबद्दल फार बोलत नाही. उघडा फिल्टर इंजिनाशेजारची गरम हवा ओढतो. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता साधारण तीन टक्क्यांनी घटते. आवाज मात्र झकास येतो. आवाजासाठी घेतलाय म्हणा, कोणी भांडणार नाही.

ताकदीचं म्हणाल तर टर्बो असलेल्या इंजिनात नुसत्या रिमॅपने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून, चांगली वाढ मिळते, बिनटर्बोच्या इंजिनात नुसत्या रिमॅपने हाताला फार काही लागत नाही. पण रिमॅप हा इंजिनाचा राखीव साठा खर्च करणं आहे. तो साठा खराब पेट्रोल, भर उन्हाळा, थकलेला फ्युएल पंप, झिजलेले प्लग यांच्यासाठी ठेवलेला असतो. पंप थकलेला असताना बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवला की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा अवेळी भडका, सुरू होतं आणि पिस्टनच्या कडा तुटतात. म्हणजे इथेही आधी दुरुस्ती, मग लॅपटॉप.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि महिनाभर चालवा. टायर, शॉकअप आणि गाडीचा कल रोखणारा अँटी-रोल बार एकाच शनिवारी बसवले तर गाडी सुधारली का बिघडली, आणि कशामुळे, हे देवालाही सांगता येणार नाही. बदल विमा कंपनीला लेखी कळवा. तुमच्या देशात उत्सर्जन आणि आवाजाचे नियम काय आहेत ते आधी वाचा. कॅटलिटिक कन्व्हर्टर काढणं अनेक ठिकाणी सरळ बेकायदा आहे. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका, स्टँड लावा. चाकाचे नट टॉर्क पान्यानेच आवळा. किती ते मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं.

आणि काढलेले मूळ भाग विकू नका. चिठ्ठी लावून खोक्यात भरून माळ्यावर टाका, घरचे कितीही ओरडले तरी. गाडी विकायला काढाल तेव्हा जाणकार गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न तोच असतो.

माझं बोलून झालं, आता प्रश्न घेऊ. टर्बोवाल्यांनी जरा हात खाली ठेवा, ज्यांच्या ब्रेक ऑइलला दोन वर्षं झालीत त्यांना आधी विचारू द्या.