पट्ट्यांखालची गाडी : कळंबोली ते घोडबंदर

(दृश्य: कळंबोली, सकाळचं ट्रॅफिक)

ती बघा, डाव्या लेनमधे, टँकरच्या मागे. नाकापासून डिकीपर्यंत काळे-पांढरे वेटोळे चिकटवलेत, लोगो नाही, मॉडेलचं नाव नाही, पुढे लाल नंबर प्लेट आणि मागच्या काचेवर ऑन टेस्ट, म्हणजे अजून बाजारात न आलेली, चाचणीसाठी रस्त्यावर काढलेली गाडी. पुण्याहून ही गाडी सुसाट आलेली असते, पण एक्सप्रेसवे इथे कळंबोलीला संपतो आणि मग ती आपल्यासारखीच टेम्पो, ट्रेलर, एनएमएमटीच्या बसमधे अडकते. फोटो काढणाऱ्याला मिळतो तो एवढाच वेळ.

चाकण, पिंपरी, रांजणगाव, गाड्या बनवणारा सगळा पट्टा एक्सप्रेसवेच्या त्या टोकाला आणि या टोकाला नवी मुंबई. तिकडे ठाण्याला वेगळीच मजा आहे, महिंद्राचा प्लांट नाशिकला आणि त्यांचा डिझाइन स्टुडिओ कांदिवलीला, आता नाशिकहून कांदिवली गाठायची तर भिवंडी बायपास, माजिवडा आणि पुढे अख्खा घोडबंदर रोड. त्यामुळे लाँचच्या आधी महिनोन् महिने या गाड्या आपल्या डोळ्यासमोरून जातात. स्पाय शॉट म्हणून जे फोटो फिरतात त्यातले कितीतरी असेच, कुणीतरी कामावर जाता जाता काढलेले.

(दृश्य: क्लोजअप, बॉनेटवरचे वेटोळे)

हे वेटोळे शोभेचे नाहीत. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, नॉर्मन विल्किन्सन नावाच्या ब्रिटिश चित्रकाराने जहाजांवर असे तिरके-वाकडे पट्टे रंगवायची कल्पना मांडली. जहाज लपवायचं नव्हतंच, भर समुद्रात एवढं धूड लपणार कुठे, जर्मन पाणबुडीवाल्याला ते कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चाललंय याचा अंदाज येऊ द्यायचा नव्हता, अंदाज चुकला की टॉर्पेडो चुकतो. गाडीवरच्या कॅमोचं, म्हणजे या चिकटवलेल्या वेषांतराचं, काम तेच. बॉनेटवर घडी कुठे आहे, दरवाजावरची रेष कुठे वळते हे आपल्याला सावलीवरून कळतं आणि हे पट्टे ती सावलीच खाऊन टाकतात. सुरुवातीच्या गाड्यांवर तर स्टिकरच्या खाली फोम आणि प्लास्टिकचे खोटे पॅनलसुद्धा लावतात, मग आकारही कळत नाही. पण गोधडी पांघरून झोपलेल्या माणसाचे नाकडोळे दिसले नाही तरी उंची कळतेच ना, तसं गाडीचा व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, काचांचा उतार, छताची उंची हे कितीही झाकलं तरी झाकत नाही.

(दृश्य: फ्रीज फ्रेम, मागचं चाक)

इथे मुद्दाम थांबवलंय. नेरूळचा एक पोरगा आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, नाव घालू नका म्हणाला, त्याने ही फ्रेम लॅपटॉपवर मोठी करून एकेक गोष्ट दाखवली आणि खरं सांगायचं तर आमची ही फिल्म त्या संध्याकाळी झाली. चाकाचे नट मोजा, पाच. अलॉयच्या फटीतून बघा, मागेसुद्धा डिस्क ब्रेक आहे, ड्रम नाही. बंपरखाली सायलेन्सरचा पाइप कुठेच नाही आणि गाडी शेजारून गेली तेव्हा आमच्या माइकवर इंजिनचा आवाजच आलेला नाही, फक्त टायर, म्हणजे बहुधा इलेक्ट्रिक. पुढच्या बंपरमधे मधोमध तो सपाट चौकोनी तुकडा दिसतोय तो रडार असावा, म्हणजे एडीएएस, ड्रायव्हरला सावध करणारी आणि गरज पडली तर स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा, मिळणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवे. टेस्टिंगच्या सुरुवातीला गाडीला कामचलाऊ दिवे असतात, दुसऱ्याच गाडीचे काढून बसवलेले, कधी तर नुसते गोल बल्ब. फायनल दिवे लागलेले दिसले, फोम गेला, नुसतं पातळ स्टिकर उरलं की समजायचं लाँच जवळ आलं. त्याच्या फोनमधे एकाच गाडीचे असे सगळे टप्पे तारखेप्रमाणे लावून ठेवलेत. हे सगळं त्याला कुणी आतून सांगितलेलं नाही, रस्त्यावर उभं राहून, मासिकं वाचून आणि सतत बघून आलंय, ही विद्याच आहे आणि तिला चोरी म्हणणं आम्हाला पटत नाही.

(दृश्य: गायमुख घाट, पाऊस, रांग)

लोक विचारतात, एवढं लपवायचंय तर रस्त्यावर आणतातच कशाला. ट्रॅक आहेत की. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, महिंद्राचा स्वतःचा चेन्नईजवळ चेय्यारला आहे. पण ट्रॅकवर घोडबंदर रोडचा गायमुख घाट नसतो ना. चढावर हाफ क्लचवर अर्धा तास, पुढे कंटेनर, मागे बस, बाहेर दमट गरमी, एसी फुल, मधेच खड्डा आणि खड्ड्यात किती पाणी ते माहीत नाही. याच हालतीत गाडी तापते का, सस्पेन्शन वाजतं का, वायपर पुरतो का हे बघायचं असतं, कारण गाडी घेणारा माणूस याच रस्त्यावर चालवणार आहे. शिवाय कॅमोचं जाड कव्हर असलं की गाडीभोवतीची हवा बदलते, कूलिंग बदलतं, म्हणून काही टेस्ट कव्हर काढूनच कराव्या लागतात, आणि तेव्हा एखाद्याच्या हातात कॅमेरा असला की झालं.

आता थोडा वेळ बोलत नाही, हा शॉट पूर्ण बघा.

(दृश्य: तीच गाडी, घाटातला पूर्ण चढ, फक्त पावसाचा आवाज)

थार रॉक्स आठवा. महिंद्राची पाच दरवाजांची थार बाजारात यायच्या कितीतरी आधीपासून लोकांनी तिला रस्त्यावर पकडलेलं, दरवाजाचं हँडल कुठे, सनरूफ किती मोठं, आतली स्क्रीन केवढी, सगळं फोटोत आलं होतं. नाव तेवढं चुकलं, बातम्यांमधे आरमाडा आरमाडा चाललं होतं आणि निघालं रॉक्स. गाडी आली ऑगस्ट 2024 मधे. मग फोटो आधी फुटले म्हणून काय झालं? 3 ऑक्टोबर 2024 ला बुकिंग उघडलं आणि पहिल्या एका तासात कंपनीच्याच आकड्याप्रमाणे 1,76,218 बुकिंग. सरप्राइज गेलं की गाडी विकली जात नाही असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आणि जे फुटतं ते सगळं रस्त्यावरून फुटतं असंही नाही. डिझाइनवर हक्क हवा तर कंपन्यांना त्याची नोंदणी करावी लागते, डिझाइन कायदा 2000 चा, नोंदणी झाली की 10 वर्षं हक्क आणि पुढे 5 वर्षं वाढवून मिळतो. अर्जात गाडीचे पुढून, मागून, बाजूने फोटो किंवा चित्रं द्यावी लागतात आणि नोंदणी झाली की ती पेटंट ऑफिसच्या जर्नलमधे छापली जातात, दर शुक्रवारी, कुणालाही फुकट बघता येतात. कॅमो नाही, काही नाही. कितीतरी एक्सक्लुझिव्ह बातम्यांचा उगम हा असतो. दुसरं ठिकाण म्हणजे जाहिरातीचं शूटिंग, तिथे गाडी उघडीच ठेवावी लागते आणि शंभर जणांचं युनिट असतं.

(दृश्य: खालापूर फूड मॉल, पार्किंग)

हा भाग आम्हाला ठेवायचाच होता. या कुटुंबाने, ठाण्यात वर्तकनगरला राहतात, सात वर्षांच्या लोनवर गाडी घेतली. शोरूममधे विचारलं होतं की नवीन काही येतंय का, तर नाही म्हणाले, अफवा आहेत. डिलिव्हरी घेतली आणि काही आठवड्यात त्याच गाडीचा फेसलिफ्ट, म्हणजे थोडं बदललेलं नवं रूप, आला, सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटला, किंमत जवळपास तीच. काकांनी आम्हाला दोन फोल्डर दाखवले, एकात कोटेशन, दुसऱ्यात रस्त्यावरचे स्पाय फोटो जे त्यांच्या मुलीने तेव्हाच पाठवले होते आणि त्यांनी शोरूमच्या माणसावर विश्वास ठेवून बाजूला सारले. पंधरा लाख घालणाऱ्या माणसाला समोरच्या रस्त्यावर काय फिरतंय हे कळायला नको का? कंपनीचं गुपित कंपनीने जपावं, जरूर जपावं, पण ज्याचे हप्ते जाणार आहेत त्याचाही काही हक्क आहे, आणि आज तो हक्क जे थोडेफार जपतायत ते हे कॅमेरेवालेच.

याची दुसरी बाजूही आहे, गाडीचा पाठलाग करत घाटात एका हातात फोन धरून चालवणारे आहेत, त्याने जीव जाऊ शकतो आणि तो कायद्याने गुन्हा आहे, जुन्या मॉडेलचा स्टॉक डीलरच्या गळ्यात पडतो, आणि कंपनीच्या यार्डातून, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारातून, क्लिप बाहेर गेली की सगळ्यात आधी नोकरी जाते ती तिथल्या कंत्राटी पोराची.

(दृश्य: ट्रेलर, कापडाने झाकलेल्या गाड्या)

प्लांटच्या गेटवर फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, तो काढून आत व्हिडिओ करणं वेगळं आणि सार्वजनिक रस्त्यावरून जाणारी गाडी टिपणं वेगळं. पत्रकाराने एम्बार्गोवर, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी काही न छापण्याच्या करारावर, सही करून आदल्या रात्री फोटो सोडणं हेही वेगळंच, तिथे शब्द दिलेला असतो. नेरूळच्या पोराचे नियम सोपे आहेत, चालवणाऱ्याने फोटो काढायचा नाही, शेजारी बसलेल्याने काढायचा, एक्सप्रेसवेवर थांबायचं नाही, टेस्ट ड्रायव्हरचा चेहरा झाकायचा, आणि गेटच्या आतलं काही आलं तर पुढे पाठवायचं नाही.

एडिट चालू असताना आम्हालाही एका यार्डातली क्लिप आली, अजून लाँच न झालेली गाडी, दरवाजे उघडे, आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. आम्ही ती डिलीट केली. या फिल्ममधे दिसलेली प्रत्येक टेस्ट गाडी आम्ही स्वतः रस्त्याच्या कडेने, पुलावरून किंवा फूड मॉलच्या पार्किंगमधून शूट केली आहे.