गाडी हेच घर

श्रोतेहो, नमस्कार. ऑस्ट्रेलियात वर्किंग हॉलिडेवर, म्हणजे फिरता फिरता काम करून खर्च भागवण्याच्या बेतानं, जाऊन गाडीतच संसार थाटणाऱ्या तरुण मुलामुलींविषयी आज मला बोलायचंय. ऑक्टोबर २०२४ पासून ही वाट भारतीयांनाही खुली झाली. सबक्लास ४६२ नावाचा व्हिसा, वय १८ ते ३०, वर्षाला एक हजार जागा आणि निवड सोडतीनं. जे निघालेत त्यांच्यासाठी, आणि घरी काळजी करत बसलेल्या त्यांच्या आईवडिलांसाठीही, हे बोलणं.

तिथली फळतोडणी हंगामानुसार सरकत राहते. टलीला केळी, स्टॅनथॉर्पला सफरचंदं, मिल्ड्युराला द्राक्षं. मधली अंतरं शेकडो-हजारो किलोमीटरची, आणि पहाटे थेट बागेत नेऊन सोडणारी बस बहुधा नसतेच. मग जुनी स्टेशन वॅगन घ्यायची, मागची सीट पाडून गादी टाकायची. भाडं वाचतं, काम गाठता येतं. पण घर, वाहन आणि रोजगार तिन्ही एकाच इंजिनावर टांगलेलं राहतं. गाडी बंद पडली की आज झोपायचं कुठे आणि उद्या कामावर जायचं कसं, हे दोन्ही प्रश्न एकदमच उभे राहतात.

मिल्ड्युराजवळ आमच्यावर हीच वेळ आली. डिकीच्या दाराचा खटका झिजलेला होता, तो रात्रीत सुटला, आतला दिवा जळत राहिला आणि बॅटरी उतरली. पहाटे अंधारात चावी फिरवली तर नुसतं 'टक्'. शेजारी एका निवृत्त जोडप्याची कॅरॅव्हॅन उभी होती. अशी कितीतरी जोडपी देशभर फिरत असतात, तिकडे त्यांना 'ग्रे नोमॅड' म्हणतात. आजोबा स्लिपर घालूनच बाहेर आले, आपल्या बॅटरीतून आमच्या बॅटरीला जोर देणारी जंपर केबल जोडली, आणि गाडी सुरू झाल्यावर म्हणाले, "आता थांबू नका, अर्धा तास तरी चालवत राहा." बागेत पोचलो तोवर द्राक्षांच्या ओळी वाटून झाल्या होत्या. त्या दिवसाची मजुरी गेली ती गेलीच. पण आजोबांनी ती केबल आम्हालाच देऊन टाकली, आणि पुढे तिनं आमच्याइतकाच इतरांनाही हात दिला.

आता गाडीतल्या रात्रीबद्दल. थंडीत काचा गच्च बंद करून दोघं झोपले की श्वासातली वाफ काचेवर जमते, सकाळी पाणी ओघळतं आणि काही दिवसांत गादीला खालून बुरशी धरते. समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवा, वर मच्छरदाणीचा तुकडा लावा. बाहेर पाऊस आहे म्हणून गाडीत गॅसची शेगडी पेटवू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते. शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. पावसात थंड जेवण जेवलेलं बरं. एरवी तिथल्या सार्वजनिक उद्यानांमधून बार्बेक्यूच्या शेगड्या असतात, बरेचदा फुकट. आंघोळीला नगरपालिकेचा जलतरण तलाव. मुक्कामाआधी पाटी मात्र वाचायची. 'नो कॅम्पिंग' लिहिलेलं असेल तर मध्यरात्री रेंजर काच ठोठावतो आणि दंडही होतो.

रस्त्यावर पहाट आणि संध्याकाळ या वेळा कांगारूंच्या. अंधार पडायच्या आत गाडी थांबवायची. नलारबॉर या ओसाड मैदानातल्या रस्त्यावर १४६.६ किलोमीटर एकही वळण नाही; तिथे झोपेशी आणि पेट्रोलच्या काट्याशी गाठ असते. त्याच वाटेनं वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना तपासणी नाक्यावर फळं, भाज्या, मध सगळं काढून घेतात. कीड आणि रोग पसरू नयेत म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. नाका ओलांडल्यावरच बाजार करा.

गाडी विकत घेतानाच पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत दोन डॉलर भरून तिचा इतिहास बघा. आधीच्या मालकाचं कर्ज बाकी असेल तर वित्तसंस्था तुमच्या ताब्यातली गाडी उचलून नेऊ शकते. सक्तीचा सीटीपी विमा माणसांच्या इजेपुरता असतो. समोरच्याच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते.

शेवटी मजुरीविषयी, कारण गाडीत राहणारा माणूस घासाघीस करायला कचरतो. दुरुस्तीचं बिल डोक्यावर असतं, म्हणून मिळेल ते घेतो. पण एप्रिल २०२२ पासून फळबागेत बादलीच्या हिशेबानं काम केलं तरी तासाच्या किमान वेतनाची हमी आहे. कुठल्या बागेत, किती वाजता सुरू केलं, किती वाजता संपलं, हे रोज संध्याकाळी लिहून ठेवा. पैसे कमी आले तर फेअर वर्क ऑम्बुड्समन या कामगारांच्या तक्रारी पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे जा. व्हिसावर आलेल्या कामगारालाही तिथे तोच हक्क आहे.