नागीण उतरल्यानंतर

श्रोतेहो, पत्रिकेत माझा विषय ‘बरे होण्याची अनिश्चितता’ असा छापला आहे. परंतु नागिणीबद्दल सांगितल्याशिवाय मला त्याकडे वळता येणार नाही.

नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, हे आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकले आहे. माझ्या उजव्या बरगडीखाली आग होऊ लागली आणि दोन दिवसांनी पाणीदार फोडांची रांग उठली, तेव्हा घरच्यांनी याच भीतीने दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप लावला, वर गेरू लावला, आणि त्यात पाच दिवस गेले. वास्तविक कांजिण्यांचा विषाणू मज्जारज्जूलगतच्या गाठींमध्ये अनेक दशके दडून राहतो आणि पुढे बहुधा एकाच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. म्हणून पुरळ अंगाच्या मध्यरेषेपाशी थांबते आणि तो विळखा सहसा पुरा होतच नाही. विषाणूरोधक गोळ्या मात्र पुरळ उठल्यापासून शक्यतो ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. माझी तक्रार लेपाबद्दल नाही, त्यात गेलेल्या त्या तासांबद्दल आहे.

खपल्या महिन्याभरात पडल्या, दुखणे राहिले. सदरा टेकला तरी चटका बसे, पंख्याचा वारा सोसवत नसे. “हे केव्हा थांबेल?” असे विचारल्यावर एक डॉक्टर म्हणाले, “या वयात चालायचेच”, दुसरे म्हणाले, “आठवडाभरात.” दुसऱ्या उत्तराने मला अधिक दुखावले, कारण नवव्या दिवशी मी आजारी तर होतोच, शिवाय फसवला गेलो होतो.

त्या काळात मला हेन्री हेड या इंग्रज मज्जातज्ज्ञाचा आधार वाटला. १९०० साली त्यांनी सहकारी कॅम्पबेल यांच्यासह नागिणीच्या पट्ट्यांवरूनच त्वचेचा कोणता पट्टा कोणत्या मज्जातंतूकडे, याचा नकाशा मांडला होता. १९०३ साली त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताच्या संवेदी नसा शस्त्रक्रियेने कापून घेतल्या, आणि केंब्रिजमध्ये त्यांचे सहकारी रिव्हर्स यांनी त्या हातावर टाचण्या, कापूस, ऊन-गार पाणी लावून संवेदना कशी परतते याची पुढे काही वर्षे नोंद ठेवली. ती परतली, पण टप्प्याटप्प्याने. आधी बोचरी आणि भडक, हलका स्पर्श बऱ्याच उशिरा. कापलेली नस आणि नागिणीने होरपळलेली नस एक नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु वाट पाहण्याऐवजी मोजत राहावे, हे मी त्यांच्याकडून घेतले.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मुख्य मुद्दा थोडक्यात सांगतो. रुग्णाला तारीख देऊ नका, माप द्या. रोज रात्री दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्यावा आणि आजची तुलना कालशी न करता मागच्या महिन्याशी करावी. प्रीगॅबॅलिन किंवा अमिट्रिप्टिलीनसारख्या मज्जातंतूंच्या दुखण्यावरील औषधांचा गुण यायला काही आठवडे लागू शकतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू वाढवायची असतात आणि मनानेच एकाएकी बंद करायची नसतात. पन्नाशीनंतर लसीबद्दल विचारावे. दोन मात्रांची नवी लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते. घरच्यांनी “अजून दुखतेच का?” असे न विचारता “आज किती?” असे विचारावे. माझ्या वहीत सातव्या महिन्यात एके रात्री चार हा आकडा आहे, आणि शेजारी लिहिले आहे: आज पंख्याखाली अर्धा तास बसलो.